आडव्या सळ्या

२ जुलै

आप्पा,

वर नमस्कार लिहिलेला नाही. तो राहून गेलेला नाही, लिहिलाच नाही.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. चाळीस वर्षं ग्राइंडरशेजारी उभं राहून कान गेले तुमचे, म्हणून पत्र. एका परीने बरंच आहे. फोनवर मी ओरडले असते आणि तुम्ही "काय? काय म्हणालीस?" करत बसला असतात.

भिंगरी पडली. एकवीस जूनला, सकाळी साडेदहाला. जिन्यावरून घरंगळली असती तरी एक वेळ चाललं असतं. वरच्या गॅलरीच्या रेलिंगवर चढली आणि पलीकडे पडली, सरळ खाली बैठकीच्या खोलीत. आधी सोफ्याच्या हातावर आपटली, मग फरशीवर. सोफा मधे आला म्हणून आज मी मांडीच्या हाडाबद्दल लिहितेय. नाहीतर काय लिहिलं असतं ते तुम्हीच समजा.

उजवी मांडी मोडलीय. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत प्लास्टर आहे. दुसरा पायही गुडघ्यापर्यंत जखडलाय, आणि पाय हलू नयेत म्हणून दोन्हींच्या मधे एक आडवी काठी प्लास्टरमध्येच बसवलीय. सव्वादोन वर्षांची पोर, आप्पा. जिला जेवताना दोन मिनिटं एका जागी बसवता येत नाही म्हणून तुम्हीच भिंगरी नाव ठेवलंत, ती गेले अकरा दिवस छताकडे बघत पडून आहे.

तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तुमचे जावई शोरूमला गेले होते.

आता मुद्द्याचं. हाडांच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "रेलिंग आडव्या सळ्यांचं आहे का हो?" घर पाहिलेलं नाही, जिना पाहिलेला नाही. मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "मग ते रेलिंग नाही, शिडी आहे. मुलं चढणारच." एक्स-रे बघून परक्या बाईला कळलं. तुम्ही तर तीन दिवस त्या गॅलरीत मांडी घालून बसला होतात. एकेक सळई हाताने बसवलीत. सात सळ्या, एकीवर एक, मधे पाच-पाच इंच. पोरीच्या पावलासाठी मापून घेतल्यासारख्या.

जिन्याला वर आणि खाली फाटकं मी लावून घेतली होती. कड्या मी रोज दहादा तपासायचे. भिंतीतली बटणं झाकली, टेबलांच्या कोपऱ्यांना रबर लावलं. रेलिंग तेवढं तपासलं नाही. का माहितीय? ते माझ्या बापाने केलं होतं.

लहानपणी मला स्टुलावर उभं राहू दिलं नाहीत कधी. चुलत भावंडं झाडावर आणि मी खाली, "आप्पा रागावतील" म्हणत. तेच आप्पा ना तुम्ही?

मला एकच उत्तर हवंय. माहीत होतं की नव्हतं? होय किंवा नाही. बाकी काही लिहू नका.

तुमची मुलगी


९ जुलै

पोरी,

पत्र हातात घेऊन दोन दिवस बसून होतो. शटर अर्धंच उघडलं.

नाही. लक्षात आलं नाही. चूक माझी आहे, माझ्या कामाची आहे. दुसऱ्या कोणाची नाही. जावयांना काही बोलू नकोस. ते हौसेने घर करत होते, हौस करणाऱ्याला लोखंडातलं काय कळणार. लोखंड माझं. मी सत्तरीला आलो, डोळे पूर्वीचे राहिले नाहीत, डोकंही राहिलं नसेल.

भिंगरीला खाज सुटत असेल प्लास्टरच्या आत. उन्हाळ्यात माझा हात मोडला होता तेव्हा फार सुटायची. आत काही घालून खाजवू नका, कातडी सोलते. वरून टिचक्या मारल्या की बरं वाटतं. खाते का ती? रात्रीची झोपते का?

मी येतो. ग्राइंडर घेऊन येतो आणि ते सगळं कापून काढतो, उभे गज बसवतो. चार दिवसांचं काम आहे. हो म्हण, उद्या निघतो.

आप्पा


१५ जुलै

आप्पा,

लक्षात आलं नाही, म्हणे.

मी सातवीत होते. कोपऱ्यावरच्या शिंपिणीच्या बाल्कनीचं ग्रिल तुम्ही बसवून आलात आणि जेवता जेवता ताटावरून उठलात. आई म्हणाली, "अहो, निदान भात तरी संपवा." तुम्ही म्हणालात, "तिच्या घरात रांगतं पोर आहे, दोन गजांत माझी मूठ जात होती." मूठ अडली पाहिजे, म्हणजे पोराचं डोकं अडतं. हे मी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की पाढ्यांसारखं पाठ आहे. उष्ट्या हाताने गेलात आणि प्रत्येक दोन गजांमध्ये एकेक जास्तीचा बसवून आलात. त्या माणसाच्या लक्षात आलं नाही?

तुमचं डोकं बरं चाललंय. मार्चमध्ये मला तीन पानी पत्र लिहून माझ्या दुकानाच्या शटरची स्प्रिंग का कुरकुरते ते न बघता सांगितलंत, आणि बरोबर सांगितलंत. तेव्हा सत्तरी कुठे गेली होती?

तुम्ही खोटं बोलताय, एवढं मला कळतं. का बोलताय ते कळत नाही, आणि त्याचाच जास्त संताप येतो. दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजते. एका मिलिमीटरची चूक झाली तर माणसाचं डोकं दुखतं, आणि तो दुसऱ्या दिवशी येऊन काचा माझ्यासमोर आपटतो. मी त्याला "लक्षात आलं नाही" असं सांगत नाही. सांगितलं तर तो परत येणार नाही.

खाते, पण पडून भरवावं लागतं, ठसका लागतो. लंगोट बदलायला आम्ही दोघं लागतो, एकाने उचलायचं आणि एकाने ओढायचं. प्लास्टर ओलं होऊ नये म्हणून कडेला प्लास्टिक खोचलंय, तरी वास येतोच. टिचक्यांचा उपयोग झाला, हे सांगायला नको होतं पण सांगते.

तुम्ही येऊ नका. गॅलरीला मी सध्या जुन्या पलंगाची फळी बांधलीय, सुतळीने. दिसतं भिकाऱ्याच्या झोपडीसारखं. दिसू दे.

तुमच्या जावयांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "जाऊ दे, आप्पांचं वय झालंय. म्हाताऱ्या माणसावर किती रागवायचं." मला तेही आवडलं नाही. पण निदान त्यांनी तुमची बाजू घेतली. तुमची बाजू घ्यायला तुमच्या स्वतःकडे काही नाही, हे केवढं नवल.

मी


२३ जुलै

पोरी,

नको म्हणालीस, नाही येत.

वय झालं हे खरं. कोणी कोणाला म्हणावं हा भाग वेगळा.

एक विचारतो, रागावलीस तरी उत्तर दे. गॅलरीच्या आतल्या अंगाला त्या पारदर्शक शीट लावल्या होत्या, त्यातली कुठली निखळली? जिन्याकडची का भिंतीकडची? पहिल्या पत्रापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. क्लॅम्प माझ्याच हातचे होते. मला वाटलं, त्यांनीच दगा दिला. म्हणून इथे शेडमध्ये तशीच एक सळई आडवी बांधली, तसाच क्लॅम्प आवळला आणि त्याला वाळूची पिशवी टांगली. पंधरा किलो, म्हणजे भिंगरीहून जास्तच. आज दहावा दिवस. केसभर सरकलेला नाही. रोज सकाळी शटर उघडलं की आधी तेच बघतो. मग तिकडे कसा सरकला?

सुतळी बांधू नकोस, सैल पडते. तार बांध.

आप्पा


२९ जुलै

आप्पा,

कसल्या शीट?

हा प्रश्न मी तुम्हाला विचारणार होते. तुमचं पत्र शनिवारी दुपारी आलं. तुमचा जावई भिंगरीला केळं भरवत होता. मी दारातच फोडलं आणि त्याला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं. 'क्लॅम्प माझ्याच हातचे' इथपर्यंत आले तेव्हा त्याचा हात तसाच राहिला, केळं भिंगरीच्या तोंडासमोर. ती म्हणाली, "दे." तो देईना.

मी विचारलं, "कसल्या शीट म्हणतायत?"

त्याने केळं बशीत ठेवलं, उठला, वरच्या खोलीतल्या कपाटामागे हात घालून एक पुठ्ठ्याचा चपटा खोका ओढून काढला. वर ट्रान्सपोर्टची चिठ्ठी, गेल्या वर्षीच्या मे महिन्याची. फोडलेलाही नव्हता, आप्पा. मी फोडला. आत आठ शीट, काचेसारख्या स्वच्छ. कोपरे घासून गोल केलेले, भोकं पाडलेली, प्रत्येकीवर पिवळ्या खडूने तुमच्या हातचा आकडा, एक ते आठ. एका पिशवीत बत्तीस क्लॅम्प. एक कागद, कुठली शीट कुठे लावायची त्याचं चित्र. खाली तुमच्या अक्षरात: 'हे महिन्याच्या आत लावावे. पोर चालायला लागली की उशीर होईल.'

मी त्याला म्हटलं, "बोल."

तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. म्हणाला, "आप्पांनी मला तीनदा सांगितलं होतं. उभ्या गजांचं चित्रपण काढून दिलं होतं. मी म्हणालो, आप्पा, हे जेलसारखं दिसतं. शोरूममध्ये मी लोकांना घर कसं दिसावं ते शिकवतो, माझ्याच घरात जेल लावू का?"

"मग?"

"मग ते म्हणाले, मी पोरीशी बोलतो. मी त्यांना म्हणालो, तिला यातलं काही सांगू नका. आधीच ती घरभर रबर चिकटवत फिरतेय. तिच्या कानावर घातलंत तर छतालाही जाळी मारेल. आप्पा म्हणाले, मग शीट तरी लावा. मी हो म्हणालो."

"आणि लावल्या नाहीस."

"शीट लावल्यावर सळ्या अंधुक दिसतात," तो म्हणाला. माझ्या नवऱ्याने हे वाक्य माझ्यासमोर, पोरीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने उच्चारलं. मग त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. मला कीव आली नाही.

त्याच दुपारी मी पाना घेतला आणि आठही शीट लावल्या. अडीच तास लागले. चौदा महिने कपाटामागे पडलेलं काम अडीच तासांचं होतं.

त्याच्याशी मी बोलत नाही. लंगोट बदलताना 'उचल' आणि 'सोड' एवढंच. पण हे पत्र त्याच्याबद्दल नाही. त्याचं काय करायचं ते मी बघेन. हे तुमच्याबद्दल आहे.

तुम्ही दोघांनी बसून ठरवलंत. माझं घर, माझी पोर, माझा बाप, माझा नवरा, आणि मला तेवढं सांगायचं नाही. मी घाबरते म्हणून. मला घाबरायला कोणी शिकवलं, आप्पा? आणि जिथे खरंच घाबरायचं होतं नेमकं तिथे मूग गिळून बसलात. मला एक ओळ लिहिली असतीत, 'आडव्या सळ्या धोक्याच्या आहेत, शीट लाव', तर त्या संध्याकाळी त्या लागल्या असत्या. एक ओळ. स्प्रिंगवर तीन पानं लिहिता तुम्ही.

आणि नंतर पुन्हा खोटं. मी 'होय किंवा नाही' विचारलं, तुम्ही 'नाही' लिहिलंत. माझा संसार वाचवायला लिहिलंत ना? तो तिकडे 'आप्पांचं वय झालंय' म्हणत तुमच्या पांघरुणाखाली शिरला, आणि तुम्ही इकडे पांघरूण ओढून धरलंत. छान जोडी जमलीय सासरे-जावयांची. मधे मी, आणि माझ्या मांडीवर प्लास्टरमधली पोर.

मला वाचवलेला संसार नको होता. मला खरं हवं होतं.

मी


५ ऑगस्ट

पोरी,

होय. माहीत होतं.

पहिल्याच दिवशी, नुसतं चित्र बघूनच माहीत होतं. तुला 'नाही' लिहिलं ते खोटं होतं. ते का लिहिलं हे तू बरोबर ओळखलंस. जावयाला दुखवलं तर त्याची झळ पोरीला लागते, असं आमच्या वेळी समजायचे. तुझ्या आईच्या वडिलांनीही माझं पुष्कळ ऐकून घेतलं, आणि मी काही शहाणा नव्हतो. तेव्हा मला ती रीत बरी वाटायची.

पण तू खरं मागितलंस, तर अर्धं देऊन भागणार नाही. मान राखायचा म्हणून केलं हे अर्धंच आहे.

आयुष्यभर मी ग्रिलं केली. चोर येऊ नये, पोर पडू नये, माकड शिरू नये. लोक ग्रिलकडे बघत नाहीत, ग्रिलमधून पलीकडे बघतात. कोणी कधी थांबून 'वा' म्हणालं नाही. तुझ्या घरी मात्र जावयांनी स्टेनलेसच्या पातळ सळ्या आणल्या. एवढ्या नाजूक कामाला मी जन्मात हात लावला नव्हता. एकाही ठिकाणी जोड दिसता कामा नये म्हणाले. मी म्हटलं बघू. पहिल्या दिवशी दोन सळ्या बसवल्या, घासल्या, पॉलिश मारलं, आणि स्वतःच बोट फिरवून जोड शोधायला लागलो. सापडेना. मला माझाच हेवा वाटला.

जावयांनी फोटो काढले. त्यांच्या शोरूमचे दोघं बघायला आले. एक म्हणाला, "असं काम करणारा माणूस आता उरला नाही हो." ऐकू येत नाही मला, पण तेवढं आलं. तिसऱ्यांदा मी जावयांना 'आडव्या नकोत' म्हणालो ते त्याच संध्याकाळी. पण पाच सळ्या बसून झाल्या होत्या आणि माझ्या बोलण्यात जोर नव्हता. ते नाही म्हणाले तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं. उरलेल्या दोन सळ्या बसवायला मिळणार होत्या.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. स्वतःलाही वाळूची पिशवी टांगल्यावरच सांगितलं. त्या शीट पाठवल्या त्या भिंगरीसाठी कमी आणि माझ्या डोक्याला शांतता म्हणून जास्त. पाठवल्या, सुटलो. लावल्या का, ते विचारलं नाही. विचारलं असतं आणि 'नाही' आलं असतं, तर मला काहीतरी करावं लागलं असतं. तुला लिहावं लागलं असतं. मग तू तेच केलं असतंस जे आता केलंस, आणि माझं काम झाकलं गेलं असतं.

जावई म्हणाले शीटमधून सळ्या अंधुक दिसतात. मलाही ते ठाऊक होतं.

त्यांच्यावर रागाव, पण माझ्या वाटचाही त्यांच्यावर काढू नकोस. सळई बसवणारा हात माझा.

माफी मागत नाही. मागायची तर ती पोर बोलायला लागल्यावर तिच्याकडे मागेन. भिंगरीचं प्लास्टर कधी निघणार तेवढं कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

आप्पा


१२ ऑक्टोबर

आप्पा,

मधली तुमची दोन पत्रं आणि एक कार्ड मिळालं. उत्तर दिलं नाही. काय लिहावं कळत नव्हतं, आणि उगाच लिहायचं नव्हतं.

प्लास्टर अठरा ऑगस्टला निघालं. करवतीच्या आवाजाला भिंगरी एवढी घाबरली की दोघांनी धरावी लागली. पाय काडीसारखा झाला होता, कातडी सालपटल्यासारखी. उभी राहायला तीन आठवडे लागले. आता चालते, थोडी झुकून. डॉक्टरबाई म्हणतात वर्षभरात कळणारही नाही. आता रोज संध्याकाळी मी तिला जिना उतरायला शिकवते. तोंड पायऱ्यांकडे, पोटावर, एकेक पाय खाली. तिला सरळ उतरायचं असतं. मी सोडत नाही. भांडण होतं. रोज.

ऑगस्ट अखेरीला रेलिंग काढलं. तुम्हाला बोलावलं नाही, कारण मला तुमच्या हातचं नको होतं. हे वाचायला कडू आहे, पण तुम्ही अर्धं दिलं नाहीत तर मीही देणार नाही. मागच्या गल्लीत एक वेल्डिंगवाला आहे, तिशीचाही नसेल. घरी येऊन त्याने वर पाहिलं आणि मी काही सांगायच्या आधी म्हणाला, "बाई, घरात लहान मूल असेल तर आडवं मी करत नाही." आमचा हा म्हणाला, "नाही, पण जरा दिसायला..." त्याने टेप गुंडाळून खिशात घातली. म्हणाला, "साहेब, मग दुसरा बघा."

एवढंच होतं, आप्पा. चार शब्द. ते तुमच्या तोंडून यायला हवे होते. मी तिथे उभी राहून ऐकत होते आणि संतापले होते. त्या मुलावर नव्हे. हा म्हणाला, "नाही, तुम्हीच करा. उभे करा." मग बायकोसमोर लाज राखायला म्हणून नाही, खरोखर, त्याच्या हाताखाली दोन दिवस गज धरून उभा राहिला. रजा काढली. हाताला फोड आले. फोड आल्याचं त्याने मला सांगितलं नाही, मला दिसले.

उभे गज, छातीपर्यंत उंच, मधे कुठेही मूठ जात नाही. मी प्रत्येक दोन गजांत घालून पाहिली. त्यात डोळ्यात भरण्यासारखं काही नाही. बघणारा पलीकडे बघतो.

तुमचं काम तुकडे करून भंगारात दिलं. जोड कुठे आहेत ते भंगारवाल्यालाही सापडले नाहीत. तोही म्हणाला, काम भारी होतं. मी म्हटलं, न्या.

आमच्या ह्याच्याशी आता बोलते. पूर्वीसारखं नाही. घरातलं काही ठरवायचं असलं की आधी मला विचारतो, आणि विचारताना जरा घाबरतो. घाबरू दे थोडे दिवस.

आता माझं. मी पहिल्या पत्रात लिहिलं, स्वयंपाकघरात होते. नव्हते. धुतलेले कपडे घेऊन जिन्याच्या तळाशी उभी होते. मान वर केली तर ती रेलिंगवर, वरून दुसऱ्या सळईवर पाय, पोट दांड्यावर, हसत होती. मी धावत वर जायचं होतं. गप्प राहून जायचं होतं. मी ओरडले. तिचं नाव घेऊन, जिवाच्या आकांताने. तिने माझ्याकडे वळून पाहिलं, आणि हात सुटला.

डॉक्टरबाईंना सांगितलं नाही, त्याला सांगितलं नाही, तुम्हाला तर नाहीच. तुमच्या खोट्यावर मी पानंच्या पानं लिहिली तेव्हा हे माझ्या पोटात होतं. तुम्हाला झोडपलं की तेवढा वेळ ते दबायचं. त्याला मागच्या आठवड्यात सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. शेजारणीने तुझा आवाज ऐकला होता." तीन महिने याने मला एकदाही विचारलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही, आणि बरंही वाटलं.

याने तुमचं कमी होत नाही. माझा राग अजून आहे. सकाळी उठले की पहिल्यांदा तोच जागा होतो. पण तुमच्या पत्रातलं 'मला हायसं वाटलं' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. असं वाक्य कोणी मुलीला लिहीत नाही. तुम्ही लिहिलंत.

तेव्हा या. हत्यारांची पेटी आणू नका, इथे काही दुरुस्त करायचं नाही. चार दिवस राहा.

एक तयारी ठेवून या. भिंगरी आता घरात येईल त्याला विचारते, "माझा पाय कोणी मोडला?" दूधवालीला विचारलं, शेजारणीला विचारलं. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मी ओरडले म्हणून तू पडलीस." बाबाला विचारलं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मी एक काम करायचं ठेवलं होतं, ते केलं नाही." तिने जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि मग मोजे काढायला पाय पुढे केला.

तुम्हालाही विचारेल. दारातच विचारेल, चपला काढायच्या आधी. ती हळू बोलते, तुम्हाला ऐकू येणार नाही. तिच्या तोंडाजवळ वाका. आणि तिला खरं सांगा.

मी